आठव्या गाण्याचा आवाज

१२ जानेवारी २०२५, रविवार

तिघेही आलो! बावीस वर्षांनी!

घाटकोपरला शर्मिष्ठाच्या दातांच्या दवाखान्यात भेटलो. रविवारी पेशंट नसतात. मी बाकावर, कुंडलिक थेट पेशंटच्या खुर्चीत आडवा. पोट सुटलंय, केस गेलेत. बोटं मात्र तीच. बोलता बोलता मांडीवर गिटार वाजवत होता.

म्हणाला, "सहदेव, 'घणाघात' परत सुरू करू. अल्बम काढू. एकच. पण झकास." शर्मिष्ठा म्हणाली, "पुन्हा भांडलात तर दोघांचे दात काढीन. भूल न देता!"

२००३ साली मी आणि कुंडलिक भांडलो आणि बँड मोडला. कशावरून, ते आज दोघांनाही नीट आठवेना. तो म्हणतो पोस्टरवर कुणाचं नाव आधी यावरून. मी म्हणतो गिटारचा अँप्लिफायर कुणी पाडला यावरून. एवढ्यासाठी बावीस वर्षं!

१९ जानेवारी, रविवार

मुलुंडला कुंडलिकच्या गच्चीवरच्या खोलीत पहिली प्रॅक्टिस. तो गिटार, शर्मिष्ठा ड्रम्स, मी बास आणि गळा. शर्मिष्ठाचे पाय पेडलवर अजून शिवणयंत्रासारखे चालतात. मला तिसऱ्याच गाण्याला धाप लागली. थ्रॅश मेटलला दम लागतो, आणि माझा दम बोरिवलीच्या बिल्डिंगांचे जिने चढण्यात संपतो — लिफ्ट बंद असते तेव्हाच आमच्या कंपनीला बोलावतात ना!

आमच्या अठ्ठ्याण्णव सालच्या कॅसेटमधली गाणी काढली. सगळी इंग्रजी. अणुयुद्ध, नरक, सैतान. मधेच मला हसू फुटलं. पंचविशीचा मी, दहिसरला राहून नरकाबद्दल काय लिहिणार होतो?

कुंडलिक म्हणाला, "साल्या, मग आता लिही. आता माहितीय ना तुला?"

२ फेब्रुवारी

मराठीत लिहितोय! आधी लाज वाटली, मग हात थांबेना. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसावर एक. सोसायटीच्या मीटिंगवर एक — त्यात सगळे फक्त "हरकत आहे" एवढंच ओरडतात. 'ट्रान्झिट' नावाचं एक आमच्यावरच. आमची बिल्डिंग पाडून सहा वर्षं झाली, नवी अजून जमिनीच्या वर आलेली नाही, मी आणि आई भाड्याच्या घरात.

कुंडलिकनेही एक लिहिलं. गावच्या विहिरीवर त्याच्या आजोबांना पाणी भरू देत नसत, त्यावर. चारच ओळी. वाचून शर्मिष्ठाने काठ्या उचलल्या आणि ड्रम्स असे बडवले की शेजारचे वर आले.

एकूण आठ गाणी. अल्बमचं नाव 'ना हरकत'.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर घसा बसलाय. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला. स्वरतंतूंवर गाठी. दोन्ही बाजूंना.

"काय करता?"

"लिफ्टचं काम."

"लिफ्टवाल्याला अशा गाठी येत नाहीत हो."

सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, असंच ओरडत राहिलात तर बोलायचा आवाजही जाईल. घासाघीस केली. शेवटी ठरलं — चौदा दिवस एक शब्द नाही, कुजबूजही नाही. मग शिकवणाऱ्या बाईंकडून नव्याने आवाज काढायला शिकायचं. आणि थुंकीत रक्त दिसलं की त्या क्षणी बंद.

खरं सांगतो, भीती वाटली. हे फक्त इथेच लिहितोय.

१३ फेब्रुवारी

मौनाचा दुसरा दिवस. गळ्यात पाटी. आईला लिहून दाखवलं तर हात जोडून म्हणाली, "देवान ऐकल्यान माझा!" एकोणऐंशी वर्षांची बाई, नाचायचीच बाकी होती.

बोरिवलीला एका बाईंनी लिफ्टवरून दहा मिनिटं झाडलं. मी गप्प. शेवटी म्हणतात, "तुमच्यासारखं शांतपणे कुणी ऐकून घेत नाही हो."

१५ फेब्रुवारी

आई सकाळी म्हणाली, "काय तरी बोल रे. घर खाऊक उठता."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हसून हसून मेलो, तेही आवाज न करता!

कुंडलिक लॅपटॉप, माईक घेऊन घरी आला. 'ट्रान्झिट'ची गिटार कच्ची रेकॉर्ड करायची होती. चार तास तेच ते. आई आत मासे साफ करत होती. शेवटी विळी टाकून दारात आली. "मेल्यांनो! पन्नाशी उलाटली तुमची! अजून रेड्यासारे आरडतास! शेजारचा पोर निजलाहा!"

मी पाटीवर लिहिलं, 'मी तर गप्प आहे!'

"तू गप! तुझा हा खोका आरडता मां!"

कुंडलिक तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "काकी, माईक चालू होता."

२५ फेब्रुवारी

चौदा दिवस संपले. पहिला शब्द "आई". ती म्हणाली, "काय?" — एवढंच, आणि चहा टाकायला आत गेली.

३० मार्च, रविवार

अंधेरीला सुयोगच्या स्टुडिओत तीन रविवार गाऊन सात गाणी झाली होती. नव्या पद्धतीने, पोटातून. सुयोग अठ्ठावीस वर्षांचा, आमची कॅसेट त्याच्या मामाकडे होती म्हणे. फार नीट काम करतो. आज आठवं, 'ट्रान्झिट'. दुसऱ्याच ओळीला काहीतरी फाटल्यासारखं झालं. बेसिनपाशी गेलो. लाल.

शर्मिष्ठाने तोंडात बॅटरी मारून बघितलं. "बंद. आजपासून बंद, सहदेव."

परत येताना कुंडलिकच्या गाडीत मी रडलो. त्याने रेडिओ मोठा केला.

१ एप्रिल

सुयोगचा फोन. 'ट्रान्झिट'च्या कच्च्या फायली चाळताना त्याला आईचं ते बोलणं सापडलं. "काका, ह्या कोण आहेत? ह्यांना आणा. प्लीज आणा!"

वाटलं, एप्रिल फूल करतोय.

६ एप्रिल, रविवार

आई स्टुडिओत! आढेवेढे घेईल वाटलं होतं. "कधी जावचा?" एवढंच विचारलं. अबोलीचा गजरा माळला, ठेवणीतली हिरवी साडी नेसली. कानावर हेडफोन चढवताना गजरा सांभाळायला शर्मिष्ठाला कसरत करावी लागली.

काचेपलीकडून आईने विचारलं, "पण गाळी कोणाक घालू?"

कुंडलिक म्हणाला, "काकी, बिल्डर समोर उभा आहे असं समजा."

सुयोगने गाणं सोडलं. कुंडलिकची गिटार, शर्मिष्ठाचे पाय. आईने डोळे मिटले. मग डावा हात कमरेवर ठेवला.

"सा वर्सा झाली रे! माझ्या घराचो दरवाजो खंय आसा? माझी चूल खंय आसा? भायर ये! माझ्या म्होरं उभो रव!"

ती गात नव्हती. पण प्रत्येक शब्द बरोबर ठोक्यावर. श्वास कुठे घेते कळेना. "भायर ये!" तीनदा म्हणाली, दर वेळी वरच्या पट्टीत, आणि आवाज फाटला नाही. मीटरचे काटे लालमध्ये. मी आजवर ज्यासाठी गळा फाडत होतो, ते हे होतं.

संपल्यावर सुयोगने हळूच विचारलं, "आजी, अजून एकदा घेऊया?"

"कित्याक? आयकाक नाय येवक?"

एका दमात झालेलं एकमेव गाणं!

१६ मे, शुक्रवार

'ना हरकत' आज सकाळी नेटवर चढला. आमच्या तिघांच्या नावांखाली आईचं — 'आठव्या गाण्यात आवाज : रत्नप्रभा'. कुंडलिकने मुलुंडला पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं नातू झाला.

१८ मे

तीन हजार लोकांनी ऐकलं! कॅसेट मोजून चारशे खपली होती! नाशिकच्या एका मुलीने लिहिलंय, "गायक ठीक आहे. पण आठव्या गाण्यातली बाई!!!" दुसऱ्याने लिहिलंय, "एवढी वर्षं कुठे होत्या ह्या?" आईला वाचून दाखवलं. "खंय होतंय? सैपाकघरात."

मला जराही वाईट वाटलं नाही. बरं, जरासं वाटलं. "ठीक आहे" काय, ठीक आहे?

२५ मे, रविवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. म्हातारा, कापरा आवाज. "मी पद्मजा. गिरणीत आम्ही एका खात्यात होतो. नातवाच्या मोबाइलवर रत्नाचा आवाज ऐकला. लगेच ओळखला रे! संपात ट्रकवर उभी राहून घोषणा द्यायची ती. माईक नसायचा. तिने 'भायर ये' म्हटलं की गिरणीच्या ऑफिसच्या खिडक्या बंद व्हायच्या."

संपाची ती दोन वर्षं मी गावी, आजीकडे. दहा वर्षांचा. मला कुणी कधीच सांगितलं नाही.

फोन ठेवून आईसमोर जाऊन बसलो, पद्मजाबाईंचं बोलणं सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"मगे?" म्हणाली. "तुका काय वाटला, ह्यो आवाज तुका बापाशीकडसून इलो?"