भागधारकांची सहल

बाबा, तुम्ही उभा जन्म वर्तमानपत्रात शेअरबाजाराचं पान लावलंत आणि स्वतः एकही शेअर घेतला नाहीत. तुमच्या मुलीने घेतलेत. तेही विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचे, आणि तेही टोकियोत बसून. आमच्याकडे गाडी नाही, गाडी ठेवायला जागा नाही, मी स्टेशनपर्यंत सायकलने जाते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "का?" एवढंच विचारलं असतंत. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही, म्हणून जे झालं तेच सांगते.

इथे हिगाशी-कसाई भागात आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीने त्यांना थोड्या वर्षांसाठी पाठवलं होतं, ते परत गेलेच नाहीत. या गाड्यांच्या कंपनीचं वेड त्यांनीच लावलं, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे चेअरमन म्हणतो. दर शनिवारी त्यांच्या घरी सभा भरते. चेअरमन, मी, तुमचे जावई, आणि बॅटरीवर संशोधन करणारा इथल्या विद्यापीठातला एक पोस्टडॉक. काकू शेअर घेत नाहीत, पोहे करतात. सभेत कंपनीवर आलेल्या बातम्या वाचल्या जातात. बातमी चांगली असली की पत्रकार अभ्यासू. वाईट असली की पेट्रोलवाल्यांनी विकत घेतलेला. एकदा एकाच आठवड्यात एकच पत्रकार दोन्ही झाला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पोहे खात ऐकते आणि मला तुमचं ऑफिस आठवतं. मी चौथीत आहे, शाळा लवकर सुटलीय, तुमच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलेय. टेलिप्रिंटर खडखडतोय. बाजार पडलाय, आणि का पडला असेल ते तुम्ही पलीकडच्या क्रीडा-पानवाल्या काकांना विचारताय. ते विचारतात, काल काय लिहिलं होतंस? नफावसुली, तुम्ही म्हणता. मग आज पावसाची चिंता लिही, ते सांगतात, आणि तुम्ही खरंच लिहिता. मी विचारते, बाबा, पावसामुळे पडला? तुम्ही मान वर न करता म्हणता, "पडला हे खरं आहे. का पडला, ते वाचकांना लागतं."

हे मी सभेत कधी सांगितलं नाही. चेअरमनना दुखवणं मला जमत नाही, त्याला कारण आहे. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा जावई ओसाकाला होते. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले ते उभीच राहिले. चेअरमन वर आले, त्यांनी तिकीट काढलं, माझी बॅग काकूंकडून भरून घेतली आणि नारिता विमानतळाच्या ट्रेनमध्ये शेजारी बसून आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. एरवी लिफ्टमध्येही भाषण देणारा माणूस, बाबा.

तर एका हिवाळ्यात बातमी आली की थंडीत या गाड्या जेमतेम निम्मं अंतर जातात. चेअरमन खवळले. पोस्टडॉक हळूच म्हणाला की थंडीत बॅटरी लवकर उतरते, कुणाचीही उतरते, बातमी तशी बरोबर आहे. "तू भागधारक आहेस की वार्ताहर?" चेअरमननी विचारलं, आणि ठरवून टाकलं की ती गाडी भाड्याने घ्यायची, निक्कोच्या डोंगरात, बर्फात जायचं आणि जगाला दाखवून द्यायचं. जगाला कसं कळणार होतं ते ठरलं नव्हतं.

जाताना सगळे खुशीत. गाडी आवाज न करता पळत होती, चेअरमन पुढच्या सीटवर बसून दर पाच मिनिटांनी "बघा" म्हणत होते. डोंगर सुरू झाला तसे बॅटरीचे आकडे भराभर खाली यायला लागले. पोस्टडॉक म्हणाला, हीटर खातोय. चेअरमननी हीटर बंद केला. मग काकूंनी पिशवीतून माकडटोप्या काढल्या, ब्लँकेट पसरलं, आणि आम्ही पाच जण काचा पुसत, गुळपोळी खात, वाफा सोडत एका विश्रांतिथांब्यावर पोचलो. तिथल्या एकुलत्या चार्जरवर दुसरी गाडी लागलेली होती. आम्ही रांगेत थांबलो. तिथे एक टीव्हीवाली मुलगी कॅमेरामनला घेऊन थंडीच्या लाटेवर काहीतरी करत फिरत होती. चकचकीत नवी गाडी आणि आत माकडटोपीतले पाच भारतीय दिसल्यावर ती कशाला सोडते?

चेअरमन खाली उतरले. आयुष्यभर ते या क्षणाची वाट बघत असावेत. मोठ्या भूकंपानंतरच्या वीजटंचाईपासून त्यांनी सुरुवात केली, तेव्हा या देशाने विजेची काटकसर कशी केली ते सांगितलं, तिथून गाड्यांच्या भविष्यावर आले आणि नातवंडांच्या पिढीच्या स्वच्छ हवेवर संपवलं. जपानी भाषा इतकी सुंदर, की मला अभिमान वाटला. मुलगी "हाई, हाई" करत वाकत होती. मग तिने खिडकीतून मला विचारलं, तुम्ही गाडीत ब्लँकेट का घेतलंय? मी म्हटलं, "हीटर लावला तर पोचणार नाही म्हणून."

रात्रीच्या बातम्या बघायला सगळे चेअरमनकडे जमलो. त्यांनी रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. आधी बर्फात कुडकुडणारी माकडं दाखवली, मग आम्हाला. मग माझं तेवढं एक वाक्य, खाली जाड गुलाबी अक्षरांत. आणि लगेच उद्याचं हवामान. काकूंनी टीव्ही बंद केला.

सोमवारी अमेरिकेत बाजार उघडला आणि नेमका आमचा शेअर पडला. चेअरमननी सभेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला उद्देशून लिहिलं, "अभिनंदन", आणि ग्रुप सोडून गेले. जावयांनी माझी समजूत काढायला सगळ्या अर्थविषयक बातम्या मोठ्याने वाचून दाखवल्या. कुणी व्याजदर लिहिला होता, कुणी चिनी स्पर्धा. निक्को कुणीच लिहिलं नव्हतं. पण चेअरमन लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जायला लागले. त्यांचे गुडघे दुखतात, बाबा. शनिवारी काकू नवऱ्याला न सांगता डब्यातून पोहे पाठवत. रिकामे डबे साठले, तेव्हा ते परत द्यायला मी खाली गेले.

चेअरमन टीव्हीसमोर बसले होते. तीच बातमी थांबवून ठेवलेली. पडद्याच्या कडेला करड्या कोटाचा एक तुकडा दिसत होता.

"हा माझा कोपर," ते म्हणाले.

मी शेजारी बसले. शेअरचं मला काही नाही, ते म्हणाले, शेअर काय, चढतो, पडतो. मुंबईला भावाला सांगून ठेवलं होतं, उद्या रेकॉर्डिंग पाठवतो म्हणून. मग बराच वेळ गप्प राहिले. नारिताच्या ट्रेनमधल्यासारखे.

"तुझे बाबा पेपरात होते ना?" त्यांनी विचारलं. "त्यांनी कापलं असतं असं?"

"छे, काका. त्यांनी तुमचं अक्षर न् अक्षर ठेवलं असतं. मला कापलं असतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "जुन्या माणसांना पारख होती," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. पुढच्या शनिवारी सभा भरली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते. मी धडधडीत खोटं बोलले, तेही तुमच्या नावावर. माझ्या शाळेतल्या "माझा आवडता सण" या दोन पानी निबंधाच्या तुम्ही निळ्या पेन्सिलीने चार ओळी केल्या होत्या. चेअरमन तुमच्या हातून भूकंपाच्या पुढे गेले नसते. तुम्ही माझंच वाक्य ठेवलं असतंत, कारण ते लहान होतं. परवाच्या सभेत कंपनीवर पुन्हा काहीतरी वाईट छापून आलं होतं. चेअरमन पोस्टडॉकला सांगत होते, हिच्या वडिलांसारखे संपादक आज हवे होते. तुम्ही संपादक नव्हतात, हेही मी सांगितलं नाही.