डावा पाय आधी

प्रिय नलू,

काल आर्णीहून तुझ्या सुनेचा, वर्षाचा फोन आला होता. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते. आधीच लिहिलं तर तू पत्राची घडी करून उशीखाली सारशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आधी माझं ऐक. पावसाळ्यात एकदा, चतुर्थी नसताना, तुला न सांगता गेले होते, तेव्हा चिंतामणीच्या देवळात उतरताना माझा डावा पाय अचानक लुळा पडल्यासारखा झाला. यांनी दंडाला धरलं म्हणून वाचले. फार घाबरले गं मी. यवतमाळला गौरी नावाची व्यायामाची डॉक्टर आहे, आपल्या नातीच्या वयाची. तिने मला खुर्चीवर बसवून पाय सरळ धरायला सांगितले आणि एकेक दाबून पाहिला. उजवा हलला नाही. डावा लगेच खाली गेला! मी दोन्ही पाय माझेच समजत होते, त्यातला एक केव्हाच रिटायर झाला होता.

ती म्हणाली, वय झालं की दोन्ही पायांची ताकद उतरते, पण सारखी उतरेलच असं नाही. जो पाय आपण पुढे करतो त्याला काम मिळत राहतं, दुसरा मागे पडत जातो. मला तुझी आई आठवली. डावा पाय आधी आत पडला की काकू आपल्याला परत अंगणात पाठवायच्या आणि उजवा टाकून पुन्हा यायला लावायच्या. तेव्हापासून माझा उजवाच पुढे. गौरीने तर उलटंच सांगितलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर आधी, म्हणजे वर राहिलेला चांगला पाय भार पेलतो.

आता बघ, आपला देव जमिनीच्या खाली. त्याच्याकडे जायचं म्हणजे उतरायचं, आणि तेही डावा पाय पुढे करून! परवा चतुर्थीला मी वरच्या पायरीवर खांबासारखी उभी. मागे लोक खोळंबलेले. शेवटी हे म्हणाले, "अवो, देव जोडलेले हात पाह्यते. पाय कायले पाहीन?" मी डोळे मिटून डावा टाकला. काही झालं नाही. बाप्पा जागेवर होता, मीही उभी होते. खाली गेल्यावर मात्र रडू आलं.

रोज खुर्चीवरून उठबस करते, डाव्यावर जरा जास्त भार देऊन. हे समोर बसून चहा पितात आणि हेडमास्तरसारखे मोजतात. डावा अजून उजव्याच्या बरोबरीला आलेला नाही, पण आता दगा देत नाही.

आता वर्षाचं. म्हणाली, "मावशी, आई दिवाळीत पडल्यापासून ओट्यावरही नाही येऊन राह्यल्या. काल त्यायनं चपला कामवाल्या हंसाबाईले देऊन टाकल्या. म्हणे, मले आता कुठं जायचं हाय?" फोन ठेवल्यावर मला तुझा इतका राग आला की भाजी करपली. मग राग गेला. नलू, तुझ्याशिवाय मी कोणत्या चतुर्थीला गेले होते गं? ही पहिलीच.

म्हणून हे पत्र. आमच्या नातवाच्या, सलीलच्या हाती नव्या चपला पाठवते आहे. माप विचारावं लागलं नाही, शाळेत आपण एकमेकींच्याच घालायचो. गौरी दर गुरुवारी आर्णीला येते, वर्षाला नंबर दिला आहे. तुझा उजवा कमजोर आहे म्हणे, म्हणजे देवाकडे उतरताना तुला उजवाच आधी टाकायचा. काकूंचाही मान राहील. नशीबवान आहेस मेली! पुढची चतुर्थी नाही जमली तर त्याच्या पुढची. मी वरच्या पायरीवर थांबेन. तू आल्याशिवाय आता मी खाली उतरत नाही.

तुझीच वाट पाहणारी,
रत्ना