उर्वशीच्या हातचा गुण

तीर्थरूप मायले, पुण्याहून भाग्यश्रीचा दंडवत.

मी मजेत आहो. संत्र्याचा बहार कसा आहे?

राजूभाऊनं फोनवर सांगतलं, तू संधिवाताच्या गोळ्या सोडल्या. सून उर्वशीच्या तेल-मालिशीनंच बोटं मोकळी होतात, असं गावभर सांगून राहिली म्हणे. सांग बापा!

तुही लेक इथं प्रयोगशाळेत चार वर्षांपासून हाडाच्या पेशीच पाहून राहिली. सुजेचा इशारा पोचला का पेशीतले हाड बांधणारे जीन बंद पडतात. तो इशारा गोळी अडवते, तेल नाही. पण माह्यं कोण ऐकते? गुण तर तिच्याच हाताले!

तुह्या बोटानं लिफाफाबी फाटत नसन. म्हणजे हे पत्र तीच वाचून दाखवून राहिली असन.

उर्वशी, इथंच थांब. आधी मायले तुह्या हातानं गोळी दे, मंगच खालचं माह्यं नाव वाच.

तुही लेक,
भाग्यश्री