झोप न येणाऱ्या हत्तीचा बॅले

गुरुवार, ३ जानेवारी १९५७

वसाहतीच्या संमेलनात पोरांनी सिनेमाच्या गाण्यांवर नाचायचे? मी मुख्याध्यापिका असेपर्यंत नाही! सव्वीस तारखेला आमची शाळा बॅले करणार. शब्द नाहीत, गाणी नाहीत — नुसती वाद्ये आणि नाच. गोष्ट पहिलीच्या चित्रपुस्तकातली: हत्तीला झोप येत नाही. बारा चित्रे, बारा तुकडे. संगीत माझे.

कॉलेजात एकदा चाल बांधली होती. प्राध्यापक म्हणाले, "मुलींनी गावे, रचू नये." त्याला तीस वर्षे झाली. मार्चात निवृत्त होते आहे. आता नाही तर कधीच नाही.

सोमवार, ७

माझी पेटी, कारखान्यातल्या उद्धवरावांची बासरी, चिखलीच्या गेनूची हलगी. हत्तीची पावले सात मात्रांत बांधली — कूस बदलताना एक मात्रा कमी पडते, म्हणून बिचारा जागा! गेनूने नीट ऐकून घेतले आणि आठ वाजवल्या.

"बाई, एक हरवलीया."

हरवली नाही, मी काढली आहे!

"मग ठिवली कुठं?"

बुधवार, ९

गेनूने हलगी तापवायला व्हरांड्यात जाळ केला. कागद कुठले? माझी स्वरलिपी — चित्र चौथे आणि पाचवे! "तापवल्याबिगर ती बोलत न्हाई, बाई." दोन्ही पुन्हा लिहिली. पाचवे आधीपेक्षा बरे झाले. त्याला सांगितले नाही.

शुक्रवार, ११

शेजारचे दौलतराव — रातपाळीचे फिटर, मूळचे कोकणातले, शिवाय संमेलन समितीचे अध्यक्ष — भर दुपारी लाल डोळ्यांनी तालमीत शिरले.

"तुमचा हत्ती झोपत नाय, तर मला कशाला जागवता? रात्री मशीनीत हात जाईल माझा!"

म्हटले, आधी चपला बाहेर. काढल्या! मग म्हणाले, पुढच्या शनिवारी ऐकायला येतो. आवाज असाच असेल तर बॅले रद्द, रेकॉर्डी लावू.

सोमवार, १४

संक्रांत. दौलतरावांकडे तिळगूळ पाठवला. तिळगूळ घेतला. गोड काही बोलले नाहीत.

गुरुवार, १७

हलगी तापवायची नाही, असा हुकूम काढला. गेनू दुखावला. "थंड हलगी म्हंजी मुकी म्हस, बाई." पण ढिल्या कातड्यावर तळहात पडला की कसा दबका, लांबत जाणारा आवाज येतो! शेवटच्या चित्रात हत्ती झोपतो. तिथली पेटी काढून टाकली. थंड हलगी आणि बासरीचा एकच स्वर. आठवी मात्राही परत दिली. गेनू म्हणाला, "गावली!"

शनिवार, १९

बारा चित्रे वाजवली. दौलतराव पुढच्या बाकावर, हाताची घडी, कपाळाला आठ्या. शेवटचे चित्र संपले. निकाल विचारायला वळले, तर अध्यक्ष बाकावर आडवे — घोरताहेत! तीस वर्षे थांबले ती यासाठी? माझ्यासमोर आजवर कुणी झोपलेले नाही. पट्टी उचलली —

पुढचे आज लिहवत नाही.

रविवार, २०

काल दौलतरावांच्या पत्नी सुमनताईंनी माझा हात वरच्या वर धरला. "उठवू नका हां, बाई. गावचं घर सोडल्यापासून असा डोळा लागलेला नाय ह्यांचा. तिथं पायरीशी लाट यायची... तस्संच वाजलं हो ते."

रातपाळीचा भोंगा होईपर्यंत आम्ही बारावे चित्र वाजवत राहिलो. निकाल विचारायचा राहून गेला.