वाळवणावरची कारंजी

५ एप्रिल, सकाळी
आमच्या सोसायटीचा स्प्लॅश पॅड तयार झाला. भिसेगावात पहिलाच. बहुधा कर्जत तालुक्यातही. (खालापूरचं विचारून घेणे.)
वर्षभर मी एकट्याने हा लढा दिला. सपाट काँक्रीट, त्यातून उसळणारी कारंजी, खोली शून्य. बुडायची भीती नाही. तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं. रांगतं मूल आणि चाकाच्या खुर्चीतले तळमजल्यावरचे नाना एकाच पाण्यात भिजणार. एकमेकांचं नाव माहीत नसलेली बिऱ्हाडं कडेला बसून बोलू लागणार. हे मी सभेत मांडलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या जयवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनंदाचं, म्हणजे आमच्या हिचं, म्हणणं की त्या जांभई देत होत्या.
उद्घाटन एक मेला. भाषण माझं. संकल्प: दहा मिनिटांत संपवायचं.

८ एप्रिल
भाषणाला सिंधू संस्कृतीच्या स्नानगृहापासून सुरुवात केली. दहा मिनिटांत रोमसुद्धा येत नाही. संकल्प दुरुस्त: अर्धा तास.

११ एप्रिल
अनर्थ. पॅडवर वाळवण! कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. इतकी स्वच्छ, तापलेली, सपाट जागा बायकांना जन्मात मिळाली नव्हती म्हणे. जयवंताबाईंना कडक शब्दांत समज दिली. त्या म्हणाल्या, "भाऊ, पानी एक मेला. ऊन आज हाय."
बोर्ड लावला: 'येथे वाळवण घालू नये.' विषय संपला.

१६ एप्रिल, दुपारी
काहीतरी झालं आहे. शांतपणे लिहितो.
जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. पाण्यासकट भाषणाची तालीम करावी म्हणून पंपघरात गेलो. गजा, म्हणजे आमचा वॉचमन आणि पंपवाला, जेवायला बसला होता. पंपघर इमारतीच्या मागे, तिथून पॅड दिसत नाही. यात माझा दोष नाही. पंपघर कुठे असावं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. (विचारलं होतं. तेव्हा मी बोलत होतो.)
'उसळा, जलधारांनो!' या वाक्याला व्हॉल्व्ह फिरवला. उरलेलं भाषण पूर्ण केलं. मग पुढे येऊन पाहिलं.
बोर्ड कुणीच वाचलेला नव्हता. पसरलेल्या साड्या फुग्यासारख्या वर आल्या होत्या. जयवंताबाईंच्या भाचीच्या रुखवतातल्या रंगीत कुरडया विरघळून सगळं पाणी गुलाबी. फार सुंदर दिसत होतं, हे लिहायला नको होतं.
व्हॉल्व्ह बंद करून घरी येऊन झोपलो. झोपलेल्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

१६ एप्रिल, संध्याकाळी
सेक्रेटरी जितेशने गजाला सगळ्यांसमोर झापलं. पंपघराची किल्ली तुझ्याकडे, जबाबदारी तुझी. रविवारच्या सभेत त्याला काढायचा ठराव येणार. गजा कोंडाणे गावाहून सायकलने येतो. त्याच्या मुलीला जूनपासून इथल्या कॉलेजात घालायचं आहे. तो माझ्याकडे पाहत होता. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती.
संकल्प: उद्या सकाळी जितेशला सगळं सांगणार. चहाच्या आधी.

१७ एप्रिल
सांगितलं नाही. जितेश घाईत होता.

१८ एप्रिल
जितेश मोकळा होता. मी घाईत होतो.

१९ एप्रिल
ताटात कुरडई नव्हती. विचारलं, तर सुनंदा म्हणाली, पाण्यात गेल्या. पुढे एक शब्द नाही. आयुष्यभर एवढं वाचलं, या शांततेवर उतारा कुठल्याच ग्रंथात नाही.
खाली गजाने हात वर करून नमस्कार केला. नेहमीसारखा. हे फार वाईट.
संकल्प: उद्या भर सभेत कबुली. नाहीतर मी नावाचा वक्ता नाही.

२० एप्रिल, सभेनंतर
उभा राहिलो. पण एकदम कबुली दिली तर ती बेढब दिसेल, थोडी पार्श्वभूमी हवी. सत्यावर बोललो. श्रमिकाच्या प्रतिष्ठेवर बोललो. मूठ आपटली. रोमपर्यंत आलो. दोन टाळ्याही पडल्या. आता सांगतो, आता सांगतो म्हणत होतो, तेवढ्यात सुनंदा उठली. जन्मात कधी सभेत बोललेली नाही. म्हणाली, "पाणी आमच्या ह्यांनी सोडलं. पुढचा विषय घ्या."
खळबळ माजेल म्हणून थांबलो. माजली नाही.
जयवंताबाई म्हणाल्या, "आवो भाऊ, आमी समद्या पडल्या पडल्या ऐकत व्हतो. 'उसळा, उसळा' कोन वरडत व्हतं, गजा व्हय?" हशा. एवढं माहीत होतं तर बोलल्या का नाहीत, असं जितेशने विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ येवढं बोलत्यात. म्हटलं, येवढं एक बोलत्यात का बघू."
गजाही हसला. सगळ्यांत शेवटी.
ठराव: गजा राहील. दुपारपर्यंत पॅड वाळवणाला, ऊन उतरल्यावर मुलांना. उद्घाटनाला भाषण नाही. एकमताने मंजूर. (मी तटस्थ.)

१ मे
व्हॉल्व्ह गजाच्या मुलीने फिरवला. मुलं किंचाळली. नाना खुर्चीसकट कारंज्यात शिरले आणि बाहेर येईनात. बायका कडेला बसून पाय भिजवत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईंचं नाव सोनाली आहे, हे सगळ्यांना कळलं. मी म्हणालो होतो ते सगळं घडलं. कुणीही काहीही न बोलता.

२ मे, भर दुपारी
सभेने मला एक काम दिलं आहे. गजा जेवायला गेला की वाळवणापाशी काठी घेऊन बसायचं. नवी टोपी घेतली आहे.
गजा आज डबा घेऊन माझ्याशेजारीच बसला. माफीचा मजकूर तयार होता, चार परिच्छेद. पण तोंडातून एवढंच आलं, "गजा, चूक माझी होती रे."
तो म्हणाला, "व्हय भाऊ. किल्ली द्या."
दिली. पुढे बोलणार होतो.
म्हणाला, "कावला आला बघा."
उठलो.