बारीक झालेले बाबा

प्रिय छोट्या,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोनवर माझा आवाज चढला की तू लगेच नेटवर्क नाही म्हणून मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. गुपचूप शेवटपर्यंत वाच.

तू त्या वजन उतरवायच्या फॅटी ॲसिडच्या कॅप्सूल विकायला लागलास आणि पहिला डबा घरी पाठवलास, तेव्हा बाबांना कोण आनंद झाला होता! जन्मभर शिलाई मशीनवर बसून सुटलेलं त्यांचं पोट तुझ्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांची साखर मधुमेहाच्या काठावर आहे, हे मी तुला तेव्हाच बजावलं होतं. तू म्हणालास, हे औषध नाहीच, नुसतं चांगलं तेल आहे. वा रे शहाण्या!

आपलं घर शिंप्याचं, आपल्याकडे तब्येतसुद्धा टेपनं मोजतात. बाबा सकाळी दुकान उघडलं की आधी स्वतःच्या कमरेला टेप लावायचे. कंबर उतरू लागली तशी त्यांची कळी खुलली. पँटी आत घेतल्या, मग पुन्हा आत घेतल्या. गिऱ्हाइकं तोंडभर कौतुक करायची. सारखी तहान, सारखं बाथरूमला जाणं, तर बाबा म्हणायचे चरबी वितळून बाहेर पडतेय. आम्हीही माना डोलावल्या. तू तर कहरच केलास. त्यांचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून जाहिरात केलीस.

मग बाबांना सुईत दोरा ओवता येईना. चष्मा बदलला तरी येईना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तिरकी कापली आणि तिथंच भोवळ येऊन पडले. तपासलं तर साखर भलतीच वाढलेली, यकृतावर चरबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळा दोष कॅप्सूलचाच असं छातीठोक सांगता येणार नाही; पण असल्या काही फॅटी ॲसिडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होऊ शकतं, यकृतावर चरबी चढू शकते, आणि साखर काठावर असलेल्या माणसानं त्यांच्या वाटेला जायलाच नको होतं. बाबा बारीक होत होते ते साखरेनं झिजून! आणि आम्ही मूर्ख, पँटी आत घेत टाळ्या पिटत होतो. नुसता संताप संताप होतो.

हे कळवलं तर तुझं उत्तर काय, तर काळजी घ्या, पण कुणाला सांगू नका. लाज नाही वाटली रे?

आता कॅप्सूल बंद केल्या, इन्सुलिन सुरू आहे. नजर सुधारली, अंगावर थोडं मांस चढलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण काल साखर पुन्हा वाढलेली निघाली, आणि बटणांच्या डब्यात तळाशी तुझ्या कॅप्सूल सापडल्या. मी आकाशपाताळ एक केलं. बाबा मान खाली घालून म्हणाले, मी परत जाड झालो तर छोट्याच्या जाहिरातीतला फोटो खोटा पडेल, पोराची अब्रू जाईल. वर तुला काही कळवणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. ते मी इथं मोडलंय. माझं ते ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तो फोटो आजच्या आज काढ. आणि फोन करून बाबांना स्वतःच्या तोंडानं सांग, की बाबा, तुम्ही जाड झालात तरी मला चालेल.

तुझीच,
ताई