पोचपावती नसलेला अर्ज

अहो सायराचे अब्बा,

सलाम. तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा तोंडानेच इतकं बोलून घ्यायचे की कागदाची वेळ आली नाही. पण एक गोष्ट तोंडाने कधी सांगता आली नाही. उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात आपल्या खाडीवर येणाऱ्या तेलाच्या टाक्यांची जनसुनावणी आहे. टाक्यांना विरोध करणाऱ्या समितीची माणसं म्हणाली, "भाभी, इक्बालभाईंच्या जागी तुम्ही बोला." मी हो म्हणून बसले. पण तुमच्या जागी उभं राहायचं तर आधी तुमच्याशी खरं बोलायला नको?

आपण सौदीत जुबैलला होतो तेव्हाची गोष्ट आहे, आखाती लढाईच्या दिवसांतली. सायरन वाजला की विषारी वायूच्या भीतीने आपण तिघं दाराच्या फटींना ओले टॉवेल लावून आतल्या खोलीत बसायचो. अर्धी कॉलनी रिकामी झाली होती. तुम्ही मात्र समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लॅन्टवर पंप ऑपरेटर. पाण्याची माणसं हलणार नाहीत म्हणून कंपनीने सांगितलं. खलास! किती भांडले होते मी तुमच्याशी त्यावरून.

मग लढाईत समुद्रात सांडलेलं तेल आपल्या बाजूच्या दर्यावर आलं. एका सकाळी शिफ्टवरून येताना तुम्ही खोक्यात एक पाणकावळा घेऊन आलात. नखशिखांत काळा, नुसते डोळे तेवढे जिवंत. आणि तुम्ही काय केलंत? माझ्या अम्मीने पाठवलेली खोबरेलाची बाटली उघडलीत! आपल्या किनाऱ्यावर पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटतात, आणि घरोघरी आया खोबरेल चोळून ते काढतात. तेच तुम्ही पाखराला केलंत. डांबर निघालं, पिसं चकाकली. सायराने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओरडत आली, "मम्मी, इट्स नॉट मूविंग!"

खाडीवर पाखरं धुवायचं केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाईने तुम्हाला समजावलं की पिसांत कुठलंही तेल राहिलं की थंडी आत शिरते. साबण आणि कोमट पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी, पिसांवरून थेंब आपोआप ओघळेपर्यंत. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. "चांगलं करायला गेलो न् मीच मारला गो त्याला," म्हणालात. त्यानंतर प्रत्येक सुट्टी त्या केंद्रात गेली. मी कुरकुरायचे. घरात बायको-मुलगी घाबरून बसलीत आणि साहेब पाखरांना आंघोळी घालतायत!

तुमचा खरा जीव अडकला होता तो वरच्या अंगाच्या तिवरांच्या छोट्या खाडीत. तेल अडवायला पाण्यावर लांबलचक तरंगते पट्टे टाकायचे, त्यांना तुम्ही सगळे बूम म्हणायचात. सरकारने ठरवलं, बूम आधी पाण्याच्या प्लॅन्टला. ते तुम्हालाही पटत होतं, शेवटी तोच पंप तुम्ही सांभाळत होतात. माणसं तहानेने मेली असती तर तिवरं घेऊन काय करायचं? पण यार्डात काही बूम गुंडाळून पडलेत, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. खाडीचं तोंड अरुंद होतं, तेवढ्यात भागलं असतं. मी म्हटलं, परमुलखातली खाडी, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही म्हणालात, "अगो, दर्या काय यांचा येगळा न् आपला येगळा हाय काय?"

आणि तुम्ही अर्ज लिहिलात. अकरा जणांच्या सह्या घेतल्यात. केरळचे, पाकिस्तानचे, फिलिपिन्सचे आणि सगळ्यात वर तुमची. त्याच दिवशी तेल प्लॅन्टच्या जवळ आलं आणि तुम्हाला तिथेच राहायचा हुकूम आला. जाताना पाकीट माझ्या हातात दिलंत. "डॉक्टरीणबाई जुने टॉवेल न्यायला कॉलनीत येणार आहे. तिला दे. ती सरकारी साहेबाला देईल."

ती आली. मी तिला टॉवेल दिले. दोन चादरीही दिल्या. पाकीट दिलं नाही.

ती गेल्यावर गॅस पेटवला आणि जाळलं. ऐकताय ना? मी जाळलं. अकरा परकी माणसं एकत्र येऊन सरकारला लिहितात, हे कफीलच्या, ज्याच्या जामिनावर आपण तिथे होतो त्या मालकाच्या, कानावर गेलं तर? इकामा, तिथे राहायचा परवानाच, रद्द झाला, तुम्हाला कुठे उचलून नेलं, तर मी आठ वर्षांच्या पोरीला घेऊन त्या लढाईत कुठे जाणार होते?

तीन दिवसांनी आलात. बूट काढायच्या आधी विचारलंत, "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं."

तेल त्या खाडीत शिरलं. लढाई थांबल्यावर तुम्ही बघून आलात, गुडघ्यापर्यंत काळा चिखल घेऊन, आणि पायरीवर बसून राहिलात. "आपण सांगितला होता गो. ऐकला नाय कुणी." त्या सरकारी साहेबाला तुम्ही जन्मभर नावं ठेवलीत. त्या बिचाऱ्याला तुमचा अर्ज दिसलाच नव्हता!

कधी कधी मनाला समजावते, दिला असता तरी काय झालं असतं? लढाईच्या धामधुमीत एका पंप ऑपरेटरचा कागद कोण वाचतो? पण वाचला असता तर? ते आता कधीच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

गावी परतल्यावर तुम्ही थांबला नाहीत. उधाणाचं पाणी नारळीच्या बागेत येऊ लागलं, तेव्हा तहसीलदाराला अर्ज. खाडीतली तिवरं तोडली, तेव्हा कलेक्टरला अर्ज. प्रत्येक अर्ज स्वतः नेऊन द्यायचा आणि शिक्का मारलेली पोचपावती घेऊनच निघायचं. ऑफिसातले लोक हसायचे. "जुबैलला पोचपावती घेतली नाही, तिथेच चुकलं," असं तुम्ही सांगायचात आणि मी चपात्या लाटत राहायचे. कितीदा ओठांवर आलं होतं हो! तुम्ही आजारी पडलात तेव्हाही आलं. तुमच्या तोंडाकडे बघून गिळून टाकलं.

आता टाक्यांच्या अहवालात सरकारने लिहिलंय की आपल्या खाडीत तिवरं विरळ आहेत. कोण आलं होतं मोजायला? भरतीच्या वेळी होडीतून एक चक्कर मारली म्हणजे झालं? तेव्हा अर्धी तिवरं पाण्याखालीच असतात. तुमच्या त्या पोचपावत्या अर्जांच्या प्रतींसकट समितीने उद्यासाठी लावून ठेवल्यात, त्यात कोणती तिवरं कुठे आहेत ते सगळं आहे.

पलीकडच्या शमीमने मात्र नवऱ्याला टाक्यांविरुद्धच्या निवेदनावरची सही खोडायला लावली. त्याला त्याच टाक्यांच्या ठेकेदाराकडे काम मिळालंय. गावात तिला नाही नाही ते बोलतात. परवा विहिरीवर एकीने तोंडावर विचारलं, किती घेतलेस म्हणून. मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. घरी येऊन खूप रडले.

तर ऐका, कबूल करते. उद्या माईक हातात आला की खाडीच्या आधी जुबैलचं सांगेन. तुम्ही प्रत्येक सभेत सांगायचात ना, सरकारने आमचा अर्ज ऐकला नाही? ते खरं नव्हतं, तो अर्ज पोचलाच नाही, तो माझ्या भीतीने जाळला, हे सगळ्या गावासमोर सांगेन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण शमीमला कळू दे की घाबरणारी ती एकटी नाही. मग अहवालातली ती ओळ वाचेन आणि विचारेन, साहेब, तुम्ही ओहोटीला आला होतात का?

तुम्ही रागावला असाल तर रागवा. तुमचा हक्क आहे. पण उद्या बोलेन ते माझ्या नावाने बोलेन आणि खरं बोलेन.

तुमची,
रुकैया